जीभ, दात आणि जबड्यांचा बेबनाव



वसंतातल्या संध्याकाळी साहित्य, संगीत, राजकारण असे विषय ऐकायला यावे आणि वक्त्याने दात, जीभ, जबडे यांच्या गोष्टी सांगत बसावे, हे काहीसे विचित्रच. पण आज आपल्या ओळखीपाळखीत असे घर सापडणे कठीण आहे, की जेथे कोणा ना कोणा मुलाच्या दातांना तारा लागलेल्या नाहीत, किंवा लावाव्यात की नाही याचा खल चाललेला नाही. पैसा पुष्कळ जातो, दोन-दोन वर्षे जातात, आणि इतके होऊन काहींचे दात पुन्हा वाकडे होतात ते वेगळेच. तेव्हा ज्या गोष्टीवर आपण एवढा खर्च करतो तिच्यामागचे शास्त्र घटकाभर ऐकायला हरकत नसावी.

वेड्यावाकड्या दातांची तक्रार घेऊन येणारी मंडळी दोन प्रकारची असतात. पहिले आईवडील. "हा सारखी जीभ पुढे करतो हो, म्हणून याचे दात असे झाले," असे ते मुलादेखत सांगतात, आणि मूल खाली मान घालते. दुसरी तरुण मंडळी. त्यांनी कोठेतरी चित्रफीत पाहिलेली असते, की जीभ टाळूला घट्ट दाबून धरली म्हणजे हनुवटी घाटदार होते आणि मागे राहिलेला जबडा पुढे येतो. या प्रकाराला जॉन म्यू या ब्रिटिश दंतवैद्याच्या आडनावावरून 'म्युइंग' असे नाव पडले आहे. पहिल्यांच्या मते जीभ गुन्हेगार, दुसऱ्यांच्या मते तीच तारणहार. माझे म्हणणे असे, की वरचा आणि खालचा जबडा जेथे एकमेकांशी जुळत नाहीत तेथे जीभ बहुतेक वेळा तडजोड करणारी असते, आणि दातांचा कल हा त्या तडजोडीचा दस्तऐवज असतो. तो वाचता आला नाही म्हणजे काय घोटाळे होतात, ते आपल्याला पाहायचे आहे.

आधी दातांविषयीची एक समजूत दूर करू. दात हा भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा हाडात पक्का बसलेला असतो, असे आपण धरून चालतो. वस्तुतः दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे एक आवरण असते, आणि त्यातील तंतूंनी दात हाडाच्या खोबणीत टांगलेला असतो. दातावर एका बाजूने हलका पण सतत दाब पडत राहिला, तर ज्या बाजूला तो रेटला जातो तेथले हाड झिजत जाते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवे हाड भरून येते. तारा लावणारे दंतवैद्य याच गुणाचा उपयोग करतात. एक दात कलता करायला चाळीस-पन्नास ग्रॅमांचा जोर पुरतो. म्हणजे एका लहानशा लिंबाचे वजन. हा जोर पडतो तो दाताच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर, मूळ मात्र हाडात रुतलेले. त्यामुळे दात उभाच्या उभा सरकत नाही, तो कलतो. रोज म्हैस अंग घासू लागली म्हणजे कुंपणाचा खांब जागचा न हलता जसा कलतो, अगदी तसा.

आता तोंडात असा जोर लावणारे कोण? आतून जीभ, बाहेरून ओठ आणि गाल. दात या दोघांच्या कचाट्यात उभे आहेत आणि दोघांच्या दाबांवरून त्यांची जागा ठरते, हा विचार इंग्लंडमध्ये चार्ल्स टोम्स याने १८७३ साली मांडला. आपल्याकडे 'आपलेच दात आणि आपलेच ओठ' म्हणतात ते निराळ्या अर्थाने. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही त्या म्हणीत तथ्य आहे. पुढे १९६३ साली वाइनस्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधा पण चतुर प्रयोग केला. त्यांनी दाताला ना तार लावली, ना स्प्रिंग. दाताच्या एका बाजूला सोन्याचा लहानसा उंचवटा तेवढा बसवला. त्यामुळे दात त्या बाजूला किंचित फुगल्यासारखा झाला आणि गालाचा वा जिभेचा दाब त्यावर थोडा अधिक पडू लागला. एवढ्यानेच काही आठवड्यांत दात जागचा हलला.

हे ऐकल्यावर कोणालाही वाटेल, की मग आईवडिलांचे म्हणणे खरेच आहे. जीभ आतून धक्के देते, म्हणून दात बाहेर येतात! असे वाटणाऱ्यांत मोठमोठे दंतवैद्यही होते. १९६० च्या सुमारास वॉल्टर स्ट्राउब या अमेरिकन दंतवैद्याने जिभेच्या चुकीच्या चलनावर लेखमाला लिहिली आणि त्याचा दोष बाटलीने दूध पाजण्याकडे लावला. गिळताना जीभ पुढे ढकलण्याच्या सवयीविरुद्ध मग मोहीमच निघाली. मुलांना व्यायाम देण्यात आले, जीभ अडवायला दातांमागे तारेची कुंपणे घालण्यात आली.

या मोहिमेतील गफलत कोठे होती हे समजण्यासाठी आपण एक लहानसा प्रयोग करू. सर्वांनी ओठ मिटा आणि एक आवंढा गिळा. जीभ वर जाऊन टाळूला दाबली गेली, क्षणभराने सुटली. आता गिळून झाल्यावर ती कोठे विसावली आहे ते पाहा. बहुतेकांच्या जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे, आपण 'न' म्हणताना ते जेथे लागते त्या ठिकाणाजवळ असेल. जिभेची पाठ टाळूला हलकेच टेकलेली असेल. आणि वरचे-खालचे दात एकमेकांना चिकटलेले नसतील, त्यांत थोडे अंतर असेल. दिवसाचे बहुतेक तास आणि रात्रभर जीभ अशी स्वस्थ पडून असते.

आता हिशेब करा. माणूस दिवसाकाठी हजाराच्या आतच आवंढे गिळतो. एका वेळी जिभेचा दाब सुमारे सेकंदभर टिकतो. हजार सेकंद म्हणजे सोळा-सतरा मिनिटे. आणि दात हलायला दाब दिवसातून निदान सहा तास तरी टिकावा लागतो, असा अनुभव आहे. विल्यम प्रॉफिट याने १९७८ साली हा सारा प्रश्न पुन्हा तपासून दाखवून दिले, की दातांची जागा ठरवण्यात दाबाच्या जोरापेक्षा त्याच्या मुदतीला महत्त्व आहे. गिळताना वा बोलताना बसणारे जोराचे धक्के दात पचवून टाकतो. विसावलेल्या जिभेचा आणि विसावलेल्या ओठांचा हलका भार मात्र त्याला हलवतो. दोन्हीकडील भार काट्यावर तोलल्यासारखे समसमान असतात असेही नाही. उरलेला फरक दाताच्या मुळाभोवतीचे ते आवरण सोसते, असे त्याचे मत पडले. अंगठा चोखणाऱ्या मुलांत हे फार स्पष्ट दिसते. एखादे मूल मधूनमधून चटाचटा आवाज करीत जोराने अंगठा चोखते आणि त्याच्या दातांना फारसे काही होत नाही. दुसरे अंगठा नुसता तोंडात ठेवून रात्रभर झोपते, आणि त्याचे पुढचे दात उघडे पडतात. ज्या मुलांची जीभ गिळताना पुढे येते, त्यांची संख्या ज्यांच्या पुढच्या दातांत फट आहे अशा मुलांपेक्षा प्रत्येक वयात जास्तच आढळते. धक्क्याने फट पडत असती तर असे दिसले नसते.

तेव्हा जीभ काय करते यापेक्षा ती कोठे राहते हे पाहिले पाहिजे. येथून आपण मुख्य विषयाकडे वळू.

दातांची ठेवण आणि जबड्यांची ठेवण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८९९ साली एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने दाढा एकमेकींत कशा बसतात यावरून तीन वर्ग पाडले, आणि ते आजही वापरात आहेत. दुसऱ्या वर्गात खालची दातांची ओळ वरच्या ओळीच्या मानाने मागे असते, तिसऱ्यात पुढे. पण त्याखालचे हाड कोठे आहे हे तोंडात बघून पुरते कळत नाही. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफराथ यांनी डोके ठराविक स्थितीत धरून बाजूने क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत काढली, तेव्हा कोठे हाडांचे नाते मोजता येऊ लागले. त्या चित्रावर रेषा आखून पटाशीच्या दातांचा कल अंशांत मोजतात. वरचे पटाशीचे दात वरच्या जबड्याच्या पायाशी सुमारे ११० अंशांचा, तर खालचे दात खालच्या जबड्याच्या खालच्या कडेशी सुमारे ९० अंशांचा कोन करतात. माणसामाणसांत पाच-सहा अंशांचा फरक चालायचाच.

आता खालचा जबडा प्रमाणापेक्षा पुढे वाढलेला आहे असा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. जीभ त्या जबड्याला हनुवटीच्या आतल्या बाजूने बांधलेली आहे. जबडा जाईल तिकडे तिला जावेच लागते. म्हणून त्याची जीभ पुढे आणि खाली, खालच्या दातांच्या कोंडाळ्यात राहते. टाळूला तिचा आधार राहत नाही, गालांचा दाब मात्र चालूच असतो. त्यामुळे वरची ओळ पुष्कळदा अरुंद राहते आणि बाजूच्या दाढा उलट्या बसतात. पुढे ओठ मिटण्यासाठी खालचा ओठ हनुवटीवरून ताणला जातो आणि खालचे पटाशीचे दात आत कलू लागतात. ९० अंशांच्या जागी ८० अंशसुद्धा आढळतात. वरचे दात उलट बाहेर झुकतात. जणू दोन्ही ओळी एकमेकींना गाठण्यासाठी हात पुढे करतात. हाडांमध्ये आठ मिलिमीटरांची तफावत असली तरी दातांमध्ये ती तीन-चारच दिसते. उरलेली कलण्याने झाकलेली असते.

खालचा जबडा लहान असला म्हणजे खेळ उलटा होतो. खालचे दात पुढे झुकतात. वरचे दात एवढे पुढे असतात की खालचा ओठ त्यांच्या मागे जाऊन बसतो आणि त्यांना आणखी बाहेर लोटतो. अशा मुलाला गिळताना तोंडाचा पुढचा दरवाजा बंद करता येत नाही, आणि तो बंद झाल्याखेरीज घास वा पाणी आत राहत नाही. मग जीभच पुढे येऊन ओठाला टेकते आणि फट बुजवते. ज्या 'सवयी'बद्दल त्या मुलाला बोलणी खावी लागतात ती त्याची ही युक्ती असते. कधी मात्र खालचा ओठ उंच आणि कसलेला असतो. तेव्हा जबडा मागे असूनही वरचे मधले दात पुढे येण्याऐवजी आत दुमडतात. वरवर पाहता असे तोंड नीटस वाटते, त्यामुळे आतला दोष पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही.

दातांनी कलून जबड्यांचा बेबनाव झाकण्याच्या या क्रियेला डेन्मार्कमधील बेनी सोलो याने १९८० साली व्यवस्थित रूप दिले. त्यात जीभ, ओठ आणि समोरचा दात असे तिघेही भाग घेतात.

कोणी विचारील, की जिभेने जबडा वाढवला नाही कशावरून? अगोदर जीभ खाली पडली, मग जबडा पुढे गेला, असे का म्हणू नये? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

एका बाजूचा पुरावा असा. खालचा पुढे आलेला जबडा घराण्यात चालत येतो, हे युरोपातील हाप्सबुर्ग राजघराण्याच्या तसबिरींत सर्वांनी पाहावे. २०१९ साली स्पेनमधील संशोधकांनी त्या घराण्यातील १५ व्यक्तींची ६६ चित्रे दहा शल्यविशारदांकडून तपासून घेतली आणि पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यांत होत गेलेल्या विवाहांशी त्या जबड्याचा संबंध दिसतो असा निष्कर्ष काढला. राजांची चित्रे काढणारे चितारी काही वैर साधणारे नव्हते. त्यांनी सौम्य करून रंगवलेला जबडाही एवढा दिसतो, तर मूळचा किती असेल! दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेची. असा जबडा कापून मागे घेतात तेव्हा तोंडातील जागा कमी होते. पूर्वी शल्यवैद्यांना भीती वाटे, की जीभ मावणार नाही आणि दात पुन्हा पुढे ढकलील. म्हणून कधीकधी जिभेचाही तुकडा काढत. पुढे आढळले, की त्याची गरज क्वचितच पडते. जबडा मागे गेला की जीभ आणि तिच्या मुळाशी असलेले कंठिकास्थी खाली सरकते आणि जीभ नव्या घरात राहू लागते. एवढे जुळवून घेणाऱ्या अवयवावर सगळा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे.

दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्वीडनमधील लिंडर-आरोनसन याने १९७० साली नाकाच्या मागील अॅडेनॉइड ग्रंथी वाढलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नाक बंद म्हणून ही मुले तोंडाने श्वास घेत. श्वासाला वाट द्यायची म्हणजे जीभ टाळूपासून खाली ठेवणे भाग. या मुलांची वरची ओळ अरुंद होती आणि वरचे व खालचे पटाशीचे दात आत कललेले होते. आतून टेकू गेला, बाहेरून ओठ होतेच! ग्रंथी काढल्यावर ज्यांचा श्वास नाकावाटे सुरू झाला, त्यांच्या दातांचा कल हळूहळू इतर मुलांसारखा होत गेला. फरक थोड्या अंशांचाच होता. पण कोणी तार न लावता झाला होता. सॅन फ्रान्सिस्को येथे एगिल हार्वोल्ड याने माकडांच्या नाकपुड्या बंद करून पाहिल्या. हा प्रयोग मनाला रुचणारा नाही, पण त्यातून निघालेली गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सगळ्या माकडांची अडचण एकच, तरी प्रत्येकाने आपापली तोड काढली. कोणी जबडा सतत लोंबता ठेवला, कोणी श्वासागणिक उघडमीट केली, कोणी जीभ बाहेर काढून ठेवली. आणि ज्याची जशी तोड तसे त्याचे दात बिघडले.

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे, की वाढत्या वयात जिभेची बैठक दातांचा कल आणि ओळीची रुंदी निश्चित बदलू शकते. जबड्याच्या हाडाची लांबी बदलण्याची तिची शक्ती फार थोडी आहे. आणि वाढ पुरी झालेल्या माणसात ती हाड हलवील याला शास्त्रीय आधार नाही. 'म्युइंग' करणाऱ्या तरुणांना मी हेच सांगतो. जीभ टाळूला हलकी टेकलेली असणे चांगलेच, पण ती तासन् तास जोराने दाबून धरल्यास हलले तर दात हलतील. ते कलतील, आणि तेही आपल्याला हवे तसेच असे नाही.

आता जेथे माणसांचे खरोखर नुकसान होते त्या मुद्द्यावर येतो. खालचा जबडा पुढे असलेली अठरा-वीस वर्षांची मुलगी घ्या. लग्नाचे वय जवळ आले म्हणून घरचे घाईत आहेत. "दात तेवढे नीट करून द्या," एवढीच त्यांची मागणी. दात नीट करण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट दिशांनी जातात. एक मार्ग म्हणजे निसर्गाने केलेली झाकपाक पुढे रेटायची: वरचे दात आणखी बाहेर, खालचे आणखी आत. तफावत थोडी असेल तर हे शोभते आणि पुरतेही. पण जे दात आधीच १०-१२ अंश कललेले आहेत त्यांना आणखी किती कलवणार? मुळाभोवतीचे हाड आणि हिरडी यांना काही मर्यादा आहे. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा, आणि त्यात प्रथम दातांचा कल काढून टाकावा लागतो. आत झुकलेले खालचे दात बाहेर आणून त्यांच्या हाडावर सरळ उभे करायचे, वरचे मागे घ्यायचे. म्हणजे इतकी वर्षे झाकलेली तफावत उघडी करायची! वर्ष-दीड वर्ष त्या मुलीची हनुवटी पूर्वीपेक्षाही पुढे दिसते. ज्या घराला हे आधी सांगितलेले नसते ते घर हवालदिल होते, वैद्याने चेहरा बिघडवला म्हणून भांडायला उठते, आणि कधी उपचार मध्येच सोडून देते. मध्येच सोडलेल्या उपचारासारखी वाईट अवस्था नाही. तडजोडही मोडलेली आणि जबडाही जागच्या जागी.

म्हणून तारा लावण्यापूर्वीच विचारले पाहिजे: दात किती कललेले आहेत, आणि आपण तो कल वाढवणार आहोत की काढणार आहोत? हा प्रश्न विचारायला वैद्यक शिकावे लागत नाही. जो वैद्य क्ष-किरण चित्र समोर ठेवून त्याचे उत्तर देतो त्याच्याकडे खुशाल जावे.

लहान मुलांच्या बाबतीत एवढेच, की त्यांच्यावर ओरडू नये. मूल झोपेत तोंड उघडे ठेवत असेल, घोरत असेल, तर आधी नाक-कान-घशाच्या वैद्याला दाखवावे. नाक बंद असताना "ओठ मीट, जीभ वर ठेव" म्हणणे म्हणजे दार लावून घेऊन वाऱ्याला बोलावणे आहे. वरची ओळ अरुंद असेल तर ती रुंद करण्याचे वय लवकरचे. टाळूच्या मधोमध असलेला हाडांचा सांधा तारुण्यात पक्का होत जातो आणि मग ते काम अवघड होते. जिभेचे व्यायाम द्यायचे ते जागा करून दिल्यावर. चार खणांच्या घरात आठ माणसे नीट झोपत नाहीत म्हणून त्यांना शिस्त लावून काय उपयोग?

खालचा जबडा पुढे असेल तर मात्र थांबावे लागते, आणि ते थांबणे घरच्यांना जड जाते. तो जबडा इतर हाडांच्या मागून वाढतो. मुलींत पंधरा-सोळा, मुलांत अठरा-एकोणीस आणि कधी त्याहीपुढे. उंची थांबली म्हणून जबडा थांबला असे धरून चालत नाही. वैद्य बाजूने एक क्ष-किरण चित्र घेतो, वर्षभराने तसेच दुसरे घेतो, आणि दोन्हींच्या रेषा पातळ कागदावर उतरवून एकीवर एक ठेवतो. रेषा जुळल्या तर कामाला लागायचे. हनुवटीच्या जागी दोन निराळ्या रेषा दिसल्या, तर आणखी एक वर्ष.